बाबांची खोली, चारच्या आत

झांबियात एका ट्रकवाल्याने अमोघला तीनशे किलोमीटर एक शब्दही न बोलता नेलं आणि उतरताना भाजलेलं कणीस हातात ठेवलं.

बी ब्लॉक, खोली एकशे सतरा. दोन लोखंडी खाटा, त्यातली एक कायम रिकामी.

नाशिकला अमोघच्या आईने, अनुराधाबाईंनी, हॉलमधला सोफा खिडकीकडे सरकवला. मग परत भिंतीकडे. मग शेजारच्या पद्मिनीबाईंना बोलावून विचारलं, "दिवसभर घरात असणारा माणूस कुठे बसतो हो?"

सौदीतली फायनल एक्झिट म्हणजे इकामा, तिथला राहण्याचा परवाना, खलास, गाडी विकून टाकलेली, बँकेचं खातं बंद, खोलीची किल्ली परत. त्यानंतर माणूस त्या देशात नुसता पाहुणा उरतो आणि तोही मोजक्या दिवसांचा.

नामिबियाच्या वाळूत चाक रुतलं की आधी टायरमधली हवा सोडायची.

"फुकट्या." हा शब्द फोनवर उच्चारला गेला त्याला एक वर्ष आठ महिने झाले.

गोष्ट अशी

अमोघ सहा वर्षांचा असताना त्याचे बाबा गुरुनाथ सौदीला गेले. पेट्रोकेमिकल प्लांटवर इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर. त्यांच्या हुद्द्याला फॅमिली व्हिसा मिळत नसे, म्हणून बायको-मुलगा नाशिकला आणि गुरुनाथ कंपनीच्या कॅम्पात. आधी दोन-चार वर्षांची बात होती, तिची बावीस झाली. वर्षातून एक महिना सुट्टी आणि दर शुक्रवारी फोन. अमोघला आपले बाबा मुख्यतः आवाजाने माहीत होते.

पोरगा मोठा झाला, पुण्यात एका बँकेच्या आयटी खात्यात लागला आणि एक दिवस ते सोडून पाठीवर पिशवी टाकून केपटाउनला गेला. तिथून लुसाकापर्यंत चार महिने, बहुतेक सगळा प्रवास दुसऱ्यांच्या गाड्यांतून. रस्त्याकडेला उभं राहायचं, हसायचं, जो थांबेल त्याच्याबरोबर जायचं. त्याचा एकच नियम होता: तोंडाने मागायचं नाही.

गुरुनाथना हे कळलं तेव्हा ते फोनवर कडाडले, "मी वीस वर्षं इथे कुणापुढे हात पसरला नाही आणि तू देशोदेशी हात पसरत फिरतोस? फुकट्या!"

"मी मागत नाही बाबा. लोक थांबतात."

"हात वर करून उभा राहतोस ते काय, वारा बघायला?"

त्यानंतर शुक्रवारचे फोन अनुराधाबाईंशीच व्हायचे. "फोन दे त्याला" असं कुणी म्हणत नव्हतं.

मग फायनल एक्झिटचं ठरलं आणि अमोघच्या मनाने एकच घेतलं. ती खोली बघायची. जिथून बावीस वर्षं आवाज यायचा ती जागा. टुरिस्ट व्हिसा हल्ली घरबसल्या मिळतो. जेद्दाच्या तिकिटाच्या निम्म्या किमतीत दम्मामचं तिकीट मिळालं. दम्मामपासून बाबांच्या कॅम्पपर्यंत, म्हणजे अख्खा देश आडवा ओलांडून तांबड्या समुद्राच्या बाजूला किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या अलीकडे, दीड हजार किलोमीटर. ते रस्त्यानेच करायचं, लोकांच्या गाड्यांतून. यात बाबांना दाखवून द्यायची खुमखुमी नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल.

"बघण्यासारखं काय आहे त्यात?" अमोघने स्वतःहून फोन केला तेव्हा गुरुनाथ म्हणाले. "खाट, कपाट, एसी. गुरुवारी चारला किल्ली द्यायची. शुक्रवारी ऑफिस बंद. सहाला कंपनीची गाडी विमानतळावर नेणार. चारच्या आत आलास तर बघ. नंतर ती खोली माझी नाही."

"येतो."

"बसने ये."

"येतो म्हटलं ना."

उरले अकराशे

बुधवारी दुपारी रियाधच्या पश्चिमेला, शहर संपतं तिथल्या पेट्रोल पंपावर एक पांढरी गाडी थांबली. चालवणारी बाई होती. काच खाली झाली आणि हैदराबादी हिंदीत सरबत्ती सुरू झाली.

"ऐसे कैसे रोड पे खड़े हैं भय्या? पासपोर्ट गुमा क्या? किसी ने लूटा क्या?"

"नहीं, मैं ऐसे ही घूमता हूँ."

"ऐसे ही?" ती मागे वळून म्हणाली, "अम्मी, सुनो, ये ऐसे ही घूमते बोल रहे."

ही साबिरा. रियाधच्या एका शाळेत गणित शिकवणारी. शेजारी नवरा, मागे सासू, डिकीत बिर्याणीचं पातेलं. शाळेला सुट्टी लागली होती आणि तिघं उमऱ्याच्या यात्रेला निघाली होती. नवऱ्याचा गुडघा दुखत होता म्हणून गाडी साबिराच चालवत होती आणि नवरा, चालवत नसणारी माणसं चालवतात तशी, तोंडाने चालवत होता.

अमोघ मागे सासूबाईंजवळ बसला. सासूबाईंनी पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये त्याचं वय, पगार आणि लग्न न होण्याची कारणं काढून घेतली. पुढच्या पन्नासात तीन स्थळं सुचवली. मग म्हणाल्या, "पण बेटा, घर नहीं, नौकरी नहीं, रोड पे खड़ा लड़का. कौन देंगा?"

"अम्मी, बस करो," साबिरा म्हणाली.

"मैं इसके भले का बोल रई."

वाटेत एका लॉजवर मुक्काम पडला. सासू-सून एका खोलीत गेल्या. नवऱ्याने अमोघला आपल्या खोलीत घेतलं आणि पलंग त्याला देऊन स्वतः गुडघ्यासकट जमिनीवर झोपायला निघाला. तो वाद अर्धा तास चालला. शेवटी दोघंही जमिनीवर झोपले आणि पलंगावर पिशव्या.

उरले तीनशे दहा

गुरुवारी सकाळी नऊला, ताइफच्या अलीकडे, साबिराने गाडी एका पंपावर घेतली आणि इंजिन बंद करून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"भय्या, मेरे कू कल ही सोचना था."

पुढे रस्ता फुटत होता. सगळ्या गाड्या जात होत्या तो रस्ता मक्केचा. त्या शहरात अमोघसारख्या हिंदूला प्रवेश नाही. त्याच्यासाठी वळसा घालून जाणारा दुसरा रस्ता, त्याची वेगळी पाटी.

अमोघला हे माहीत नव्हतं असं नाही. नकाशावर त्याने दोन्ही रस्ते पाहिले होते. आफ्रिकेत शिकलेला हिशोब त्याने इथे लावला होता: सगळ्यात जास्त रहदारीचा हमरस्ता धरायचा, म्हणजे गाड्या मिळतात. फक्त एवढी रहदारी कुठे चालली आहे, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. तीही गुरुवारी, सुट्टीच्या तोंडावर.

"कुछ तो मिल जाएगा," तो म्हणाला.

सासूबाईंनी खिडकीतून बिर्याणीचा डबा दिला. "डब्बा वापस नक्को," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरात हे किती मोठं वाक्य असेल, ते साबिराच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग अमोघ उभा राहिला. पहिली गाडी चार मिनिटांत थांबली.

"जेद्दा? ये, ये! आधी मक्का, मग जेद्दा."

"मी मुस्लिम नाही."

त्या माणसाचा चेहरा असा पडला, की आपणच त्याला कुठेतरी पोचवायचं विसरलो असं अमोघला वाटलं. त्याने पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या आणि गेला.

दुसरी गाडी. खजूर. तिसरी गाडी, इजिप्शियन कुटुंब, दोन बाटल्या आणि संत्रं. चौथीतल्या म्हाताऱ्याने खाली उतरून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि एक बाटली दिली. पाचवी, सहावी. सातव्या गाडीतला तरुण म्हणाला, मी तुला वळणापर्यंत सोडतो. पण वळणावर ना सावली, ना पंप, आणि तिथून गाडी मिळाली नाही तर परतही येता येणार नाही. अमोघने नको म्हटलं. अॅपवर टॅक्सी शोधली, एकही दिसेना.

सव्वाअकराला त्याच्या पायाशी अकरा बाटल्या होत्या आणि फोन वाजला.

"कुठे आहेस?" गुरुनाथ.

"ताइफच्या बाहेर."

"गाडी नाही मिळाली?"

"सात थांबल्या."

"मग?"

"सगळ्या मक्केला."

पलीकडून एक आवाज आला. अमोघला तो आधी खोकला वाटला. बाबा हसत होते.

"अरे, बावीस वर्षांत मी कुणालाही सांगू शकलो असतो हे. मला विचारायचंस ना!"

"तुम्ही म्हणाला असतात, बसने ये."

"म्हणालोच असतो." हसणं थांबलं. "साडेतीन तास लागतात तिथून. बघ बाबा."

पंप

पंपावरचा बांगलादेशी माणूस इतका वेळ त्याच्याकडे बघत होता. तो हिंदीत म्हणाला, "तुम्हारा आदमी है इधर. शेख के बाग में. बुलाऊँ?" आणि उत्तराची वाट न बघता फोन लावला.

वीस मिनिटांत चाऱ्याच्या गासड्यांनी लादलेला पिकअप आला. त्यातून टोपी घातलेला, पन्नाशीचा, वाळलेल्या बोरासारखा माणूस उतरला.

"कोन रं तू? मराठी हाय म्हनं!"

"नाशिकचा."

"आयला! मी संगमनेरचा. म्हंजी तळेगाव दिघ्याचा. केरू." त्याने अमोघचा हात धरला तो सोडलाच नाही. "येवढ्या बाटल्या कशाला? दुकान टाकतो का?"

अमोघने सगळं सांगितलं. केरूने मान हलवली.

"वळशाचा रस्ता मला तोंडपाठ हाय. महिन्याला डाळिंबं घिऊन जातो जेद्दाला. पन गाडी मालकाची. इचारल्याबिगर घाट उतरता येत न्हाई."

"मग विचारा ना."

बोलून गेल्यावर अमोघला कळलं, की आपण दुसऱ्याला मागायला लावतोय.

"मी न्हाई इचारत," केरू शांतपणे म्हणाला. "अठरा वर्सांत गाडी मागितली न्हाई, सुट्टी मागितली न्हाई. जे द्याचं ते त्यो देतो. आन् आज पाव्हणेबी हायेत. तू चल, म्हातारा तुला कॉफी पाजल्याबिगर सोडायचा न्हाई. मग बघू."

पावणेबारा वाजले होते.

बैठक

लांबट खोली, भिंतीच्या कडेने लोड, जमिनीवर लाल गालिचा. म्हाताऱ्याला सगळे अबू नासिर म्हणत. त्यांच्या दोन्ही बाजूंना सहा पाहुणे. केरू दाराशी बसला, अमोघला अबू नासिरनी हाताला धरून आपल्या उजवीकडे बसवलं. तो सगळ्यात लहान आणि सगळ्यात मळलेला.

म्हाताऱ्याचा पुतण्या किटलीतून कॉफी ओतत आला. बिनकानाची, मुठीत मावेल एवढी पेली, तिला तिथे फिंजान म्हणतात. त्यात तळाला चार घोट पिवळसर, वेलदोड्याच्या वासाची कॉफी. पहिली पेली अमोघच्या हातात आली.

नाशिकच्या घरात मोठ्या माणसाने कप उचलल्याशिवाय कुणी कप तोंडाला लावत नसे. आजोबांपासूनची पद्धत. मोठा माणूस साडेतीन हजार किलोमीटरवर असला तरी अनुराधाबाई त्याच्या नावाने क्षणभर थांबत. अमोघने पेली दोन्ही हातांनी घेतली, आदराने मान लववली, ती समोर गालिच्यावर ठेवली आणि म्हाताऱ्याच्या पेलीची वाट बघत बसला.

बोलणं थांबलं. पुतण्या किटली उंच धरून तसाच उभा राहिला. सहाही पाहुणे त्या पेलीकडे बघत होते.

"उचल!" दाराशी केरू कुजबुजला. "उचल, उचल... न्हाई, आता नको उचलू. झालं."

"काय झालं?"

"काय केलंस रं हे? फिंजान खाली ठेवलास! पाव्हण्यानं कॉफी न पिता खाली ठेवली म्हंजी त्याला मागनं घालायचंय. कायतरी मोठं. लोक सोयरिकी मागत्यात असं. खुनाची माफी मागत्यात!"

अबू नासिर अमोघकडे वळले. रागाने नाही. उलट, इतकं लक्ष देऊन त्याच्याकडे बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी एक वाक्य म्हटलं.

"मालक म्हनतो, बोल," केरू म्हणाला.

"त्यांना सांगा चुकून झालं. आमच्याकडे मोठ्यांच्या आधी पीत नाहीत."

केरू दाराशीच थोडा पुढे सरकला. "सांगतो. मानंलबी त्यो. पन तुला खरंच काय नको का?"

अमोघला घड्याळ बघायची गरज नव्हती. चार महिने, सहा देश, शंभरावर गाड्या, आणि तोंडाने एकदाही नाही. त्याला वाटायचं हा स्वाभिमान. आता गालिच्यावर पेली होती आणि सात माणसं त्याने काहीतरी मागावं म्हणून खोळंबली होती. आपला नियम आणि बाबांचा नियम एकच आहे, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. बाबाही कुणाला काही मागत नसत. म्हणून तर या वीस महिन्यांत 'अमूला फोन दे' एवढंही...

"सांगा," तो म्हणाला. "माझे बाबा बावीस वर्षं एका खोलीत राहिले. मी ती बघितलेली नाही. चार वाजता ती खोली दुसऱ्याची होईल. मला तिथे पोचवा."

केरू अरबीत बोलू लागला. बावीस वर्षांच्या आकड्याशी तो अडखळला, परत सुरुवात केली. एका जाड पाहुण्याने काहीतरी विचारलं आणि दोघं-तिघं हसले.

"त्यो म्हनतो, बावीस वर्सं सोडून आज दुपारी आठवन झाली व्हय?"

अबू नासिरनी त्या पाहुण्याकडे नुसतं पाहिलं. मग अमोघला म्हणाले, आणि हे केरूने मराठीत सांगायच्या आधीच त्याला कळलं, "कॉफी घे. ज्यासाठी आलास ते झालं."

त्याने कॉफी घेतली. पुरे झाली की पेली हलवायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पुतण्या ओतत गेला आणि तो पीत गेला. पाचव्या पेलीला अबू नासिरनी स्वतःच त्याचं मनगट धरून हलवलं, आणि मग मात्र सगळे मनसोक्त हसले.

बाहेर आल्यावर कळलं, पिकअप अजून गासड्यांनी भरलेला आहे. केरू एकटा उतरवायला लागला तर अर्धा तास. तेव्हा त्या सहाही पाहुण्यांनी पांढरेशुभ्र झगे गुडघ्यापर्यंत खोचले आणि रांग लावून गासड्या खाली टाकल्या. जाड पाहुणा सगळ्यात पुढे होता. दर गासडीला तो ओरडत होता, "यल्ला! यल्ला!"

अमोघच्या शर्टाला चाऱ्याचा हिरवा वास लागला तो पुढे दोन धुण्यांत गेला नाही.

वळसा

घाट उतरेपर्यंत केरूचं लक्ष वळणांवर होतं. सपाटीला लागल्यावर म्हणाला, "माझीबी खोली हाय. बागंच्या मागं. पोराला फोटो पाठवला व्हता. त्यो म्हनला, पप्पा, पंखा बदला."

"येईल कधीतरी."

"मी बोलावलंच न्हाई ना त्याला." त्याने गिअर बदलला. "अठरा वर्सं रोज त्याच बैठकीत बसतो. ओतली की गटागटा पितो. मला कधी सुचलं न्हाई खाली ठेवायचं."

जेद्दाच्या बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं. तिथे पंचवीस मिनिटं गेली. त्या पंचवीस मिनिटांत केरूने हॉर्न, शिव्या आणि संगमनेरकडचे सगळे देव वापरून पाहिले.

एकशे सतरा

चार वाजून वीस मिनिटांनी कॅम्पच्या फाटकाशी गुरुनाथ उभे होते. शेजारी दोन बॅगा. फोनवरच्या आवाजापेक्षा ते बुटके होते; हे अमोघला दर सुट्टीत वाटायचं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"चार वीस."

"किल्ली दिली मी." ते त्याच्याकडे न बघता म्हणाले. "सव्वाचारपर्यंत ऑफिसातला माणूस थांबला होता. भला माणूस आहे. पण त्यालाही घरी जायचं होतं."

केरूने टोपी काढून हातात घेतली.

"चला, निदान बाहेरून दाखवतो," गुरुनाथ म्हणाले.

बी ब्लॉकमधलं एकशे सतराचं दार उघडंच होतं. आत एक चोवीस-पंचवीसचा मुलगा नव्या बॅगेतलं सामान काढत बसला होता. वर्ध्याचा सुमीत, त्याच दिवशी आलेला, इकामाही अजून हातात नसलेला. किल्ली त्याच्या गळ्यात लोंबत होती.

"अरे काका! या ना, आत या. बसा. चहा ठेवतो मी," तो लगबगीने म्हणाला. "किटली तुमचीच आहे म्हणा. ही सगळी मंडळी?"

"हा माझा मुलगा," गुरुनाथ म्हणाले. "आणि हे... ह्यांनी आणलं त्याला."

ते आत आले आणि त्यांना बसायचं कुठे ते कळेना. आपल्या खाटेवर सुमीतचे कपडे होते. शेवटी ते दुसऱ्या, कायम रिकाम्या खाटेच्या काठावर बसले, पाहुण्यासारखे गुडघे जुळवून.

अमोघने खोली बघितली. खाट, कपाट, एसी. बाबांनी खोटं सांगितलं नव्हतं. फक्त खिडकीपाशी जमिनीवरचं प्लास्टिकचं आवरण दोन पावलांएवढ्या जागेत झिजून खालचं सिमेंट दिसत होतं.

"इथे काय होतं?"

"काही नाही. तिथेच रेंज यायची," गुरुनाथ म्हणाले.

अमोघ त्या जागी जाऊन उभा राहिला. खिडकीतून समोरच्या ब्लॉकची भिंत दिसत होती आणि एक पाण्याची टाकी. तो बराच वेळ तिथे उभा होता आणि कुणी त्याला बस म्हटलं नाही.

चहा आला. चार कप नव्हते, म्हणून सुमीतने एक स्टीलच्या वाटीत ओतला आणि ती वाटी स्वतः घेतली.

"गाडी कशी मिळाली?" गुरुनाथनी विचारलं.

"मागितली."

"तू?"

"हो. पोचवा म्हणालो."

"लई मोठ्या बैठकीत मागितली," केरू म्हणाला. "घाबरलोच मी तर."

गुरुनाथनी कप खाली ठेवला. सहाच्या कंपनीच्या गाडीला अजून दीड तास होता असं नाही. तास-सव्वा तास होता. त्यांनी घसा साफ केला.

"सुमीत," ते म्हणाले, "सहापर्यंत आम्हाला इथे बसू देशील का? तुझी आवराआवर चालू दे."

"काका, विचारता काय!"

"विचारू दे रे," गुरुनाथ म्हणाले आणि अमोघकडे बघून खाटेवर थोडे बाजूला सरकले.

उरले एक हजार चारशे त्र्याण्णव

प्रवासाच्या पहिल्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, दम्मामच्या बाहेर सगळ्यात आधी थांबली ती बर्फाची गाडी होती. तिने अमोघला सात किलोमीटर नेलं.